थांबून न राहणारे इंधन: बंदरातल्या एलएनजीचे गणित

कोळसा बंदरात उतरवला आणि तो न्यायला आठवडाभर कुणी आले नाही, तर कोळसा ढिगात पडून राहतो. कच्चे तेल टाकीत महिनोन्‌महिने राहू शकते. द्रवरूप नैसर्गिक वायूचे, म्हणजे एलएनजीचे, तसे नाही. तो तयार होतो त्या क्षणापासून त्याची परत वायू होण्याची धडपड सुरू होते. जहाजात, टाकीत, नळीत, ट्रकवर, कुठेही असला तरी बाहेरची ऊब आत शिरत राहते आणि तो थोडा थोडा उकळत राहतो. म्हणून बंदरातून एलएनजी आणायचा आणि वाटायचा म्हटले की नियोजनाचा प्रश्न बहुतेक वेळा एकाच जागी येऊन अडतो: उशीर झाला तर वाट कोणी पाहायची? जहाजाने, टाकीने, की ग्राहकाने? या तिघांपैकी कुणाला किती काळ ताटकळत ठेवता येईल याचा हिशेब म्हणजेच एलएनजी टर्मिनलचा, म्हणजे जहाजातला माल उतरवून साठवणाऱ्या आणि पुन्हा वायू करून पुढे पाठवणाऱ्या केंद्राचा, आराखडा. बाकीचा तपशील या हिशेबातून निघतो.

आधी वस्तू समजून घेऊ. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो साधारण उणे १६२ अंश सेल्सियसपर्यंत थंड केला की नेहमीच्या वातावरणीय दाबालाच द्रव होतो आणि त्याचे आकारमान सुमारे ६०० पटींनी घटते. पुष्कळांना वाटते की या जहाजांत वायू प्रचंड दाबाखाली कोंबलेला असतो. मोठ्या जहाजांत तसे मुळीच नसते. तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचितच जास्त असतो, सगळी करामत थंडाव्याची आहे. आणि हा थंडावा टिकवायला बहुतेक जहाजांत टाकीभोवती शीतयंत्रही नसते. जाड उष्णतारोधक आवरण असते, आणि थोडा द्रव उकळून गेला की उरलेला थंड राहतो. मातीचा माठ ज्या तत्त्वाने पाणी गार ठेवतो तेच हे तत्त्व. उकळून निघालेल्या या वायूला धंद्यात ‘बॉइल-ऑफ’ म्हणतात. आधुनिक जहाजात तो दिवसाला साधारण ०.१ टक्का किंवा त्याहून थोडा कमी असतो. ऐकायला किरकोळ वाटते, पण १ लाख ७४ हजार घनमीटरच्या जहाजावर हे दिवसाला दीडशे घनमीटरच्या आसपास जाते. जहाजे हाच वायू इंजिनात इंधन म्हणून जाळतात, त्यामुळे तो अगदीच वाया जात नाही. पण बंदराबाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजाला इंजिनासाठी फारसे इंधन लागत नाही, उकळणे मात्र चालूच राहते. मग एक तर तो पुन्हा द्रव करणारे यंत्र जहाजावर हवे, नाही तर तो जाळून टाकावा लागतो.

हा व्यापार तसा फार जुना नाही. १९५९ च्या सुरुवातीला ‘मिथेन पायोनियर’ नावाच्या जहाजाने अमेरिकेतल्या लेक चार्ल्सहून ब्रिटनमधल्या कॅन्व्ही आयलंडला पहिला प्रायोगिक माल नेला. १९६४ मध्ये अल्जीरियातल्या आर्झ्यूहून त्याच कॅन्व्हीला नियमित व्यापारी वाहतूक सुरू झाली. आज प्रचलित मापाचे मोठे जहाज १ लाख ७४ हजार घनमीटरचे असते. कतारसाठी बांधलेली ‘क्यू-मॅक्स’ जहाजे सुमारे २ लाख ६६ हजार घनमीटरची आणि ३४५ मीटर लांब आहेत. जहाज जितके मोठे तितका टनामागे वाहतूक खर्च कमी, हे खरे. पण ते जहाज घेऊ शकणारी बंदरेही तितकीच कमी, आणि एका जहाजाला उशीर झाला की पडणारा खड्डा तितकाच मोठा.

आता बंदर. पहिला प्रश्न खोलीचा असे वाटेल. मोठ्या एलएनजी जहाजाचा ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखाली बुडालेल्या भागाची खोली, साधारण १२ मीटरच्या आसपास असतो. एलएनजी पाण्याच्या निम्म्याहून कमी घनतेचा, त्यामुळे एवढ्याच लांबीच्या तेलवाहू जहाजाइतकी खोली त्याला लागत नाही. पण हलका माल म्हणजे जहाज पाण्यावर उंच राहते आणि वाऱ्याला भलीमोठी बाजू मिळते. त्यामुळे इथे वारा आणि लाटा खोलीइतक्याच, कित्येकदा जास्त, त्रास देतात. माल उतरवताना जहाज जेट्टीला बांधलेले असते आणि दोन्हींच्या मध्ये पोलादी लोडिंग आर्म, म्हणजे माल वाहून नेणारे सांधेदार नळ, असतात. ते आर्म ठरावीक मर्यादेतच हलू शकतात. लांब पल्ल्याची संथ लाट आली आणि जहाज पुढेमागे सरकू लागले, की काम थांबवावे लागते. म्हणून उघड्या समुद्राकडे तोंड असलेल्या जागी लाटरोधक भिंत, म्हणजे ब्रेकवॉटर, लागते. तिचा खर्च पाहून अनेक योजनांत ती ‘नंतर बांधू’ या रकान्यात जाते. कोकणातल्या दाभोळ टर्मिनलने त्याची किंमत मोजली. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या टर्मिनलला भिंत अपुरी असल्यामुळे अनेक वर्षे पावसाळ्यात जहाजेच घेता येत नव्हती. टाकी, पंप, वाहिनी सगळे शाबूत, पण वर्षातले काही महिने नवा माल येणे बंद.

जेट्टीची जागा निवडताना आणखी एक गोष्ट पाहतात, जी नकाशावर पटकन दिसत नाही: बाजूने जाणारी इतर जहाजे. मोठे जहाज जवळून गेले की पाण्याच्या ओढीने बांधलेले जहाज हलते. वळणाच्या बाहेरच्या काठावर जेट्टी असेल तर सुकाणू बिघडलेले जहाज थेट तिच्यावर येऊन आदळू शकते. म्हणून एलएनजीची जेट्टी शक्यतो मुख्य वाहतुकीपासून बाजूला, वळणापासून दूर ठेवतात. शिवाय एलएनजी जहाज आत येत असताना बहुतेक बंदरे त्याच्याभोवती इतरांना मज्जाव असलेले क्षेत्र राखतात. गर्दीच्या बंदरात याचा अर्थ असा की एका जहाजासाठी बाकीच्यांचे वेळापत्रक सरकते. ही किंमत टर्मिनलच्या ताळेबंदात दिसत नाही, बंदराच्या मात्र दिसते.

जहाज धक्क्याला लागले की नळ जोडला आणि सुरू केला, असे होत नाही. आधी आर्म जोडायचे. साधारण तीन द्रवासाठी, एक वायूसाठी. त्यांतली हवा आणि ओल नायट्रोजनने बाहेर काढायची, कारण इतक्या थंडीत ओलाव्याचा बर्फ होऊन झडपा अडकतात. मग आणीबाणीत सगळे बंद करणारी यंत्रणा तपासायची. टाक्यांतली पातळी आणि तापमान मोजून हिशेब लिहायचा. मग थोडा थोडा एलएनजी सोडून आर्म आणि नळ्या हळूहळू थंड करायच्या. घाई केली तर धातू असमान आकसतो आणि जोड गळतात. पुन्हा एकदा बंद-यंत्रणेची चाचणी, आणि मग हळूहळू पंपांचा वेग वाढवायचा. पूर्ण वेग म्हणजे ताशी १० ते १२ हजार घनमीटर. आणि हे होत असताना टाकीतला वायू चौथ्या आर्ममधून उलट जहाजाकडे पाठवावा लागतो, नाही तर रिकाम्या होणाऱ्या जहाजाच्या टाक्यांत निर्वात पोकळी तयार होईल. नुसता माल उतरवायला पंधरा तास, आणि बांधणे, जोडणे, थंड करणे, मोजणे, सोडणे धरले की दिवसभर किंवा त्याहून जास्त. जहाज पूर्ण रिकामेही करत नाहीत. तळाशी थोडा एलएनजी ठेवतात, त्याला ‘हील’ म्हणतात. परतीच्या प्रवासात टाक्या थंड राहाव्यात, म्हणजे पुढचा माल भरताना पुन्हा पहिल्यापासून थंड करायला नको.

आता आपण मूळ हिशेबाकडे येऊ. समजा, वर्षाला ५० लाख टन एलएनजी घेणारे टर्मिनल बांधायचे आहे. मोठ्या जहाजात साधारण ७५ हजार टन माल येतो. म्हणजे वर्षाला ६७ जहाजे, सरासरी साडेपाच दिवसांना एक. टर्मिनलमधून दिवसाला सुमारे १३,७०० टन, म्हणजे ३० हजार घनमीटर द्रव बाहेर जातो. आलेले जहाज पूर्ण रिकामे व्हायला हवे असेल तर टाकीत १ लाख ७० हजार घनमीटर जागा मोकळी हवी. आणि पुढचे जहाज वादळामुळे चार दिवस उशिरा आले तरी ग्राहकाचा पुरवठा तुटू द्यायचा नसेल, तर त्याच टाकीत चार दिवसांचा, म्हणजे १ लाख २० हजार घनमीटर साठा उरलेला हवा. तळाचा जो भाग पंपांना ओढता येत नाही तो वेगळा. बेरीज ३ लाखांच्या पुढे जाते. म्हणजे १ लाख ६० हजार घनमीटरच्या दोन टाक्या.

आता यात एकच आकडा बदलू. उशीर चारऐवजी सात दिवसांचा धरला तर साठ्यासाठीच २ लाख १० हजार लागतात आणि तिसरी टाकी बांधावी लागते. अशी टाकी म्हणजे साधी टाकी नव्हे. आत ९ टक्के निकेलचे पोलाद, कारण साधे पोलाद त्या थंडीत काचेसारखे ठिसूळ होते. मध्ये उष्णतारोधक थर आणि बाहेर काँक्रीटची भिंत, जी आतली टाकी फुटली तरी द्रव अडवील. बांधायला तीनेक वर्षे जातात. म्हणून ‘वादळ किती दिवसांचे धरायचे’ हा हवामानाचा वाटणारा प्रश्न प्रत्यक्षात फार मोठ्या पैशांचा असतो. माझ्या मते कुठल्याही टर्मिनलच्या अहवालात सगळ्यात आधी हाच आकडा शोधावा. तो तीस वर्षांच्या लाटा-वाऱ्याच्या नोंदींवरून काढला आहे की अंदाजपंचे ठोकला आहे, यावरून बाकीच्या अहवालावर किती भरवसा ठेवायचा ते कळते.

उलट बाजूही आहे. जहाज लवकर आले, किंवा मागणी घसरली, तर टाकीत जागाच नसते. मग जहाज बाहेर थांबते, त्याचे डेमरेज, म्हणजे थांबवून ठेवल्याचा दंड, चढते, मालही उकळत राहतो. हे टाळायला खरेदीदार आणि विक्रेता दरवर्षी आधीच पुढच्या वर्षाचे वेळापत्रक ठरवतात: कोणते जहाज, कोणत्या तारखांच्या खिडकीत, किती माल. मग त्यातले पुढचे नव्वद दिवस दर महिन्याला पक्के करत जातात. कित्येक करार पंधरा-वीस वर्षांचे असतात आणि त्यात ‘घ्या किंवा पैसे भरा’ हे कलम असते. मागणी कमी झाली म्हणून मोकळेपणाने नाही म्हणता येत नाही.

टाकीत माल आला म्हणजे सुटलो, असेही नाही. वेगवेगळ्या देशांचा एलएनजी वेगवेगळ्या घनतेचा असतो. कशात इथेन-प्रोपेन जास्त, कशात जवळजवळ निव्वळ मिथेन. जुन्या हलक्या मालाखाली नवा जड माल भरला तर दोन थर वेगवेगळे राहतात. खालचा थर ऊब साठवत राहतो, वरच्याच्या वजनामुळे उकळू शकत नाही. काही तासांनी किंवा दिवसांनी दोन्हींची घनता सारखी झाली की थर एकदम मिसळतात आणि साठलेली सगळी ऊब वाफेच्या रूपाने सुटते. याला रोलओव्हर म्हणतात. १९७१ मध्ये इटलीतल्या ला स्पेझियाजवळच्या टर्मिनलवर ‘एस्सो ब्रेगा’ जहाजाचा माल उतरवल्यावर काही तासांनी हेच झाले आणि टाकीच्या झडपांतून प्रचंड वायू बाहेर पडला. तेव्हापासून टाकीत वेगवेगळ्या उंचीवर घनता आणि तापमान मोजतात, माल वरून भरायचा की खालून हे त्यावरून ठरवतात, गरज पडली तर टाकीतला द्रव फिरवून ढवळतात. कुठून खरेदी करायची हा व्यापारी निर्णय टाकीच्या भौतिकशास्त्राशी बांधलेला आहे तो असा.

टर्मिनल पूर्ण बंद ठेवता येत नाही, ही गोष्ट नवख्या माणसाला पटायला वेळ लागतो. टाकीत उकळलेला वायू बाहेर जाणाऱ्या थंड द्रवाच्या प्रवाहात मिसळून पुन्हा द्रव करतात. मग तो द्रव पंपाने दाबाखाली घेऊन समुद्राच्या पाण्याच्या किंवा ज्वलनाच्या उष्णतेने वायू करतात आणि वाहिनीत सोडतात. पण बाहेर प्रवाहच जात नसेल तर मिसळायचे कशात? म्हणून बहुतेक टर्मिनलना एक किमान प्रवाह सतत चालू ठेवावा लागतो. ज्या देशात वीजकेंद्रे फक्त संध्याकाळी वायू मागतात किंवा सौरवीज दुपारी सगळी मागणी खाऊन टाकते, तिथे हा किमान प्रवाह कुणाच्या गळ्यात मारायचा हा खराखुरा प्रश्न आहे.

आणि मग बंदराच्या मागची वाट. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये युरोप वायूसाठी हातघाईवर आलेला असताना स्पेनच्या किनाऱ्याबाहेर आणि भूमध्य समुद्रात एलएनजीची डझनावारी जहाजे घिरट्या घालत होती. स्पेनकडे युरोपातली सर्वांत मोठी एलएनजी उतरवण्याची क्षमता होती. पण टाक्या जवळजवळ भरलेल्या होत्या आणि पिरेनीज पर्वत ओलांडून फ्रान्सकडे वायू नेणारी वाहिनी तोकडी होती. काही व्यापारी हिवाळ्यात भाव चढतील म्हणूनही थांबले होते, ही गोष्ट वेगळी. पण जिथे वायूची टंचाई होती ते देश आणि जिथे जहाजे उभी होती ते बंदर यांच्यातली नळीच बारीक होती. टर्मिनलची क्षमता सांगताना वर्षाचे टन सांगतात. मागची वाहिनी दिवसाला किती ओढते, हे विचारले पाहिजे.

वाहिनी नाही तिथे ट्रक. एलएनजीच्या टँकर-ट्रकमध्ये साधारण १८ टन माल जातो. एका भरणी-खाचेतून दिवसाला बारा ट्रक भरले तर झाले २१६ टन. त्या वेगाने ७५ हजार टनांचे एक जहाज रिकामे करायला जवळजवळ वर्ष लागेल. म्हणजे ट्रक ही मोठ्या टर्मिनलची मुख्य वाट होऊच शकत नाही. पण वाहिनीपासून लांब असलेला कारखाना, छोटे गाव, मालवाहू गाड्यांचा पंप यांच्यासाठी तीच एकमेव वाट असते. तिथे ग्राहकाच्या दारात छोटी दाबसह टाकी बसवतात. ती दाब सहन करू शकत असल्यामुळे उकळलेला वायू काही दिवस आतच दडवता येतो. थांबण्याची मुभा इथे टाकीच्या आकाराने नाही, तिच्या भिंतीच्या जाडीने मिळते. बेटांच्या देशांत हेच काम छोटी जहाजे करतात. मोठ्या टर्मिनलवरून काही हजार घनमीटर भरून एकामागून एक बंदराला थोडे थोडे देत जायचे. नॉर्वेच्या किनाऱ्यावर ही पद्धत चांगली रुळली आहे. अडचण एवढीच की फेरीतले पहिले बंदर अडले की पुढची सगळी अडतात.

अलीकडे बंदरालाच एक नवा ग्राहक मिळाला आहे: जहाजे स्वतः. जहाजांच्या इंधनातल्या गंधकावर १ जानेवारी २०२० पासून जगभर ०.५ टक्क्याची मर्यादा आली. एलएनजीत गंधक जवळजवळ नसतेच, म्हणून काही कंपन्या त्याकडे वळल्या. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये रॉटरडॅमला ‘गॅस अ‍ॅजिलिटी’ या बंकर जहाजाने, म्हणजे दुसऱ्या जहाजांना इंधन पुरवणाऱ्या जहाजाने, ‘जॅक साडे’ या कंटेनर जहाजाला एकाच वेळी सुमारे १७,३०० घनमीटर एलएनजी दिला. तेवढ्यासाठी ट्रक आणायचे म्हटले तर चारशेच्या वर लागले असते. पण कंटेनर जहाज धक्क्यावर थांबते ते थोडे तास, आणि त्याच वेळात क्रेन डोक्यावरून कंटेनर उचलत असतात. माल चढवणे आणि वायू भरणे एकत्र चालू द्यायचे की नाही, याचा निर्णय बंदर प्राधिकरणाला आधी करून ठेवावा लागतो. नाही म्हटले तर जहाज पुढच्या वेळी दुसऱ्या बंदरात इंधन घेते. पर्यावरणाचा दावाही डोळसपणे घ्यायला हवा. धूर स्वच्छ असतो, पण इंजिनातून न जळता निसटलेले मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट जास्त उष्णता अडवते.

सुरक्षेबद्दल लोकांना वाटते ती भीती थोडी वेगळ्या जागी असायला हवी. द्रवरूप एलएनजी पेटत नाही. त्याची वाफ हवेत साधारण ५ ते १५ टक्के असेल तरच पेटते. धोका असा की थंड वाफ सुरुवातीला हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत जाते. १९४४ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडला कमी निकेलच्या पोलादाची टाकी फुटली, द्रव गटारांत शिरला, आणि आगीत सव्वाशेहून जास्त माणसे गेली. आजची ९ टक्के निकेलची अट, टाकीभोवतीची दुसरी भिंत आणि वस्तीपासूनचे अंतर या सगळ्यांच्या मागे असले अनुभव आहेत.

एवढे सगळे बांधायला वेळ नसेल तर तरंगते टर्मिनल आणतात. एक जहाजच कायमचे जेट्टीला बांधायचे. त्यातच साठा, त्यातच वायू करण्याची यंत्रे. रशियाकडून येणारा वायू आटल्यावर जर्मनीने २०२२ च्या डिसेंबरमध्ये विल्हेल्म्सहाफेनला असे पहिले टर्मिनल सुरू केले, तेही वर्षभराच्या आत. त्याआधी जर्मनीत एकही एलएनजी टर्मिनल नव्हते. वेळ वाचतो तो टाकीच्या बांधकामाचा. जेट्टी, गाळ उपसणे आणि वाहिनी यांतून सुटका नाही. आणि साठा मात्र जहाजाइतकाच, साधारण १ लाख ७० हजार घनमीटर. वरच्या हिशेबात ही फक्त एका टाकीची जागा. त्यामुळे तितक्याच मोठ्या मालवाहू जहाजाचा सगळा माल एका दमात घेता येत नाही. एक तर ते शेजारी ताटकळते, नाही तर अर्धाच माल आणावा लागतो. लिथुआनियाने २०१४ मध्ये क्लायपेडाला ‘इंडिपेंडन्स’ नावाचे असे जहाज दहा वर्षांच्या भाडेकरारावर आणले. नको झाले तर करार संपल्यावर परत पाठवायची सोय होती. २०२४ च्या अखेरीस त्यांनी ते विकतच घेतले.